मावशी तासाला चौतीस वेळा खाजवते

ही गोष्ट मी आजवर निदान दोनशे वेळा सांगितली असेल, आणि एकाही माणसाचा तिच्यावर विश्वास बसलेला नाही. तुमचाही बसणार नाही, आत्ताच सांगून ठेवतो. त्या रविवारी आमच्या व्याह्यांनाही मी हेच सांगितलं. व्याही आणि विहीणबाई चार जिने चढून आले होते, लिफ्ट बंद होती, दोघांनाही धाप लागली होती. म्हणजे तासभर तरी ती दोघं जागची हलणार नव्हती. गोष्ट सांगणाऱ्याला असे श्रोते नशिबानेच मिळतात.

"व्याही, पैज लावा," मी म्हणालो. "ऐकून झाल्यावर तुम्हीच म्हणाल, हा म्हातारा थापा मारतो."

"मी तर ऐकायच्या आधीपासूनच म्हणतोय," व्याही म्हणाले.

तेवढ्यात आमची ही दोरीवरचे वाळलेले कपडे कवेत घेऊन आली आणि खुर्चीवर बसून घड्या घालायला लागली. मी घसा खाकरला, तसा तिने सुस्कारा सोडला.

"माकडांची का?"

"चिंपांझींची. त्यांना शेपूट नसतं. चाळीस वर्षं सांगतोय."

"चाळीस वर्षं ऐकतेय," ती म्हणाली आणि उशीचा अभ्रा असा झटकला, की विहीणबाईंनी डोळे मिटून घेतले.

तर ऐका. एकतीस वर्षं मी प्राणिसंग्रहालयातलं वानरघर सांभाळलं. सहा चिंपांझी, बारा कुलपं आणि सोळा किल्ल्या. त्यातल्या चार किल्ल्या कुठल्याच कुलपाला लागत नव्हत्या, पण त्या यादीत होत्या, म्हणून रोज कमरेला लावून हिंडायच्या. सरकारी कामाचा पहिला धडा मी त्या चार किल्ल्यांकडून शिकलो.

सहांमध्ये मुख्य होता पैलवान. हा रागावला की अंगावरचे केस उभे राहायचे, आणि मुळातलाच अवाढव्य गडी दुप्पट दिसायला लागायचा. मग तो दोन्ही पाय पत्र्याच्या दारावर असे वाजवायचा, की बाहेर पाहुण्यांच्या हातांतली आइस्क्रीमं गळून पडायची.

"आइस्क्रीमं?" विहीणबाई म्हणाल्या.

"एकाच दिवसात एकोणीस. मी मोजली."

आणि एक होती मावशी. म्हातारी, एक कान फाटलेला, खालचा ओठ उघड्या पाकिटासारखा लोंबणारा. तिला स्वतःचं पोर कधी झालं नाही. पण दुसरीचं पोर शेजारून गेलं, तर त्याच्या डोक्यावर हात ठेवल्याशिवाय तिने कधी त्याला पुढे जाऊ दिलं नाही. एका हिवाळ्यात टोळीतली एक आई तापाने गेली. तीन दिवसांत गेली. मागे राहिलं दीड वर्षाचं पोर. चौथ्या दिवशी सकाळी मी दार उघडून पाहतो, तर पोर मावशीच्या पोटाशी. तिने त्याला असं बांधून घेतलं होतं, की आम्ही त्याचं नावच गाठोडं ठेवलं. मावशीला दूध कुठून येणार? मग मी गजांमधून बाटली धरायची, मावशीने गाठोड्याला गजांपाशी आणून त्याचं तोंड बाटलीला लावायचं. दिवसातून पाच वेळा. घड्याळ चुकायचं, मावशी चुकत नव्हती.

आता इथून डोक्याला ताप सुरू होतो.

साहेब म्हणाले, मावशी म्हातारी आहे, तिला हे झेपणार नाही, पिल्लू वेगळं काढून बाटलीवर आपणच वाढवू. मी कपाळाला हात लावला. कारण हे आम्ही एकदा करून बसलो होतो. आधीच्या एका पोराला असंच वेगळं काढलं, लंगोट बांधले, दुपट्ट्यात गुंडाळलं, सगळ्या कचेरीने खेळवलं. लाडोबा त्याचं नाव. पाच वर्षांचा झाल्यावर त्याला टोळीत सोडला. समोरच्याचे केस उभे राहिले की बाजूला व्हायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. कोणी ओठांचा चंबू करून कुरकुरलं, तर त्याला जवळ घ्यायचं असतं, तेही ठाऊक नव्हतं. सगळ्यांचा मार खाल्ला बिचाऱ्याने. शेवटी भिंतीकडे तोंड करून बसला आणि डोलत राहिला. मरेपर्यंत डोलला. माणसांचं त्याला सगळं कळायचं. स्वतःच्या लोकांचं अक्षरही कळत नव्हतं.

गाठोड्याचा लाडोबा होऊ द्यायचा नाही, असं मी मनाशी ठरवलं. साहेबांना तसं सांगितलंही.

साहेब म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं ते राहू द्या. मला आकडे हवेत."

"कसले आकडे?"

"मावशी शांत आहे की घाबरलेली, ह्याचे. सात दिवस नोंद करायची. आकडा कमी आला तर पिल्लू तिच्याकडे. जास्त आला तर आठव्या दिवशी पिल्लू बाहेर."

आणि मग आल्या नोंदवाल्या बाई.

ही हातातला टॉवेल घडी करता करता थांबली. "आल्या का?" तिने विचारलं. "आज काय घालून आल्यात?"

"तू मध्ये बोलू नकोस. व्याही, त्या बाई म्हणजे लोखंडी सळई. जाड काचांचा चष्मा, गळ्यात स्टॉपवॉच, बगलेत फळी, फळीवर कागद, कागदावर चौकटी."

"गेल्या खेपेला चष्मा नव्हता," ही म्हणाली.

"गेल्या खेपेला सांगायचा राहिला."

तर त्या चौकटींमध्ये काय होतं? वानर मनातून ढवळलं की काय काय करतं, त्याची यादी. खाजवणं. झोप नसताना जांभई देणं. केस उभे राहणं. दात दाखवणं, आपल्याला वाटतं हसतंय, पण ते भ्यायलेलं असतं. डोलणं. पाय आपटणं. आणि शेवटी एक चौकट पोट बिघडण्याची, कारण चिंपांझी फारच घाबरला की... असो, विहीणबाई समोर आहेत. बाईंनी काचेसमोर खुर्ची टाकायची, स्टॉपवॉच दाबायचं, आणि मावशीने जे केलं त्याच्या चौकटीत टिंब द्यायचं. सगळ्यांत महत्त्वाची चौकट खाजवण्याची. मोठ्या वानरांच्या जिवाची घालमेल झाली की ते लांबलांब फटकारे मारून अंग खाजवतात, असं बाईंच्या पुस्तकात होतं. आणि ते खोटंही नाही. साहेबांच्या टेबलावर वरून पत्र आलं की साहेबही कोपरापासून मनगटापर्यंत तसेच खाजवायचे. व्याही, राग मानू नका, तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात तेव्हा अर्ध्या तासात अकरा वेळा मान खाजवली होती.

व्याह्यांचा हात मानेकडे निघाला होता, तो त्यांनी खिशात घातला. विहीणबाई पदरात तोंड लपवून हसल्या.

कागदाखाली एक ओळ होती. खाजवणं तासाला विसाच्या वर गेलं, तर जनावर ताणाखाली आहे असं समजावं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी बाईंच्या खांद्यावरून कागदात डोकावलो. मावशी, तासाला चौतीस.

"बाई, टिंबं देताना हात घसरला का?"

"माझा हात घसरत नाही."

"अहो, पण ती घाबरलेली नाही! बघा की, बसलीय कशी, एखादी आजी दुपारी पाय पसरून बसावी तशी."

"मग खाजवते कशासाठी?"

मी म्हणालो, "तुम्ही आत्ता दंड कशासाठी खाजवलात?"

"मला डास चावला."

"मग मावशीला चावत नसतील?"

"चौतीस?" बाई म्हणाल्या, आणि कागदाला टाचणी लावली.

दगडावर डोकं आपटावं, तर निदान आवाज होतो. इथे तोही नाही.

रात्री मी विचार केला, हिच्या कातडीलाच खाज सुटत असेल. म्हातारपणी अंग कोरडं पडतं. दुसऱ्या दिवशी घरून तेलाची मोठी बाटली नेली आणि गजांमधून मावशीच्या पाठीला तेल चोळलं.

"तेलाची बाटली खरी आहे," ही व्याह्यांना म्हणाली. "दोन महिन्यांचं तेल होतं. तेवढं लिहून घ्या."

मावशीने बोट तेलात बुडवलं, हुंगलं, चाटलं, आणि तिला ते एवढं पसंत पडलं, की माझ्या हातातून बाटलीच ओढून घेतली. पुढच्या अर्ध्या तासात तिने साऱ्या टोळीला रांगेत बसवून डोक्यापासून पायापर्यंत माखलं. पैलवान खुशीत येऊन दोरावर चढायला गेला, तो सरसर खाली. परत चढला, परत खाली. सहाव्यांदा पडला तेव्हा समोरची शाळेतली पोरं टाळ्या वाजवायला लागली. मग त्याला राग आला. आता व्याही, इथे ऐका, कारण इथेच कोणी विश्वास ठेवत नाही. पैलवानाने दात विचकले, खांदे फुगवले, पत्र्यावर लाथ घातली, आणि केस उभे करायला गेला, तर केस उभेच राहीनात! तेलाने चापूनचोपून बसलेले. भांग पाडल्यासारखा दिसत होता. धाकट्या माद्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि चक्क पाठ फिरवली. त्याची सगळी जरब त्या केसांत होती हो. तीन दिवस तो कोपऱ्यात बसून होता. आणि बाईंनी काय लिहिलं? 'केस उभे राहणे: शून्य. टोळी अत्यंत शांत.'

व्याही खो खो हसले. "आणि मावशी?"

"मावशी? तासाला एकेचाळीस!"

आगीतून फुफाट्यात पडलो.

तिसऱ्या दिवशी मी डोकं लढवलं. हात रिकामा असतो म्हणून खाजवते ना? मग हात रिकामाच ठेवायचा नाही. मी दोन पोकळ नळ्या घेतल्या, आत मध घातला, आणि एकेका हातात एकेक दिली. मावशी खूश. दोन्ही हात गुंतलेले. मी बाईंच्या शेजारी हाताची घडी घालून उभा राहिलो, म्हटलं, आता द्या टिंब. मावशीने मध चाटला, पाय उचलला, आणि पायाच्या बोटांनी काखेपासून कमरेपर्यंत फर्र्कन खाजवलं. बाईंनी माझ्याकडे न बघता टिंब दिलं. चिंपांझीचे पायही हातच असतात, हे मी तोवरची सगळी नोकरी करूनही विसरलो होतो.

चौथ्या दिवशी माझाच तोल सुटला. घरी आलो आणि हिलाच मोजायला लागलो.

"आठवतंय," ही म्हणाली.

भांडं आपटणं, तीन. ओठ घट्ट मिटणं, सात. बाईंनी एकदा सांगितलं होतं, की वानर अस्वस्थ झालं की त्याच्या नाकाचा शेंडा गार पडतो. म्हणून मी हिच्या नाकाला बोट लावून पाहिलं, तर चटका बसला. म्हणजे माणसात आणि वानरात तेवढाच फरक.

"फरक आहे," ही विहीणबाईंना म्हणाली. "वानराला मोजणारा संध्याकाळी घरी जातो."

पाचव्या दिवशी मी बाईंसमोर हात जोडले. हे सांगायला मला लाज वाटत नाही. म्हणालो, "बाई, चौतीसच्या जागी अठरा लिहा. कोण बघतंय?"

"मी बघतेय," बाई म्हणाल्या.

"अहो, एका पोराचा प्रश्न आहे! उद्याचा एक दिवस आणि परवाचा एक दिवस, मग त्याला त्या पाळण्याच्या खोलीत नेतील, लंगोट बांधतील, आणि ते आयुष्यभर भिंतीशी बोलत बसेल. तुमची सोळा टिंबं त्याच्यापेक्षा मोठी झाली का?"

"एक टिंबही खोटं टाकणार नाही," बाई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज जरा बसका आला होता. माणूस पाषाणाचा नव्हता, एवढं तेव्हा कळलं. पण चौकट पाषाणाची होती, त्याला कोण काय करणार?

कागदाची खालची बाजू घडी घातलेली होती. तिथे शेवटचं वाक्य आधीच छापलेलं: 'पिल्लू वेगळे करावे / करू नये.' एक खोडायचं आणि खाली सही करायची. साहेबांनी पाळण्याची खोली धुऊन काढायला माणसं लावली होती. तिथे नवा पंखा बसवला होता, भिंतीवर फुगे चिकटवले होते. फुगे! ज्याला अजून झाडावर चढता येत नाही त्याच्यासाठी फुगे. मी त्या खोलीवरून जाताना मुद्दाम तोंड फिरवून जायचो.

आणि सहाव्या दिवशी, व्याही, मला ते कळलं.

मी मागच्या खोलीत बाटली भरत होतो. तिथल्या भिंतीला ताटाएवढी एक खिडकी आहे, गजांची. गाठोडं अलीकडे माझी सवय झाल्यामुळे एकटं त्या खिडकीशी येऊन बसायचं आणि माझा चमचा ओढायचं. मावशी कुठे होती ते मला दिसत नव्हतं, मध्ये भिंत. तेवढ्यात पलीकडून आवाज आला. खर्रर्र, खर्रर्र. मोठ्ठा. वाळल्या पानांवरून झाडू ओढावा तसा. ऐकल्याबरोबर गाठोड्याने चमचा टाकला, वळलं, आणि दुडुदुडु पळत गेलं. मी बाटली तशीच टेबलावर ठेवली, धावत पुढच्या दालनात आलो. पाहतो तो गाठोडं मावशीच्या पाठीवर बसलेलं, आणि मावशी उठून दुसऱ्या फांदीकडे निघालेली.

व्याही, ती त्याला हाक मारत होती! लांब फटकारा मारून खाजवायचं, मोठ्याने. म्हणजे काय? चल, बस पाठीवर, निघायचंय. घालमेल झाल्यावरचं खाजवणं वेगळं, ते बारीक असतं, चोरून असतं, कुणी ऐकावं म्हणून नसतं. हे खाजवणं ऐकू जावं म्हणूनच होतं. आईला पोर बोलवायला हाक लागते ना? तिने जितक्या वेळा पोराला बोलावलं, तितक्या वेळा कागदावर तिच्या नावापुढे टिंब पडलं. जितकी ती आई झाली, तितका आकडा चढला!

विहीणबाईंनी हातातला कप खाली ठेवला. "अगं बाई," त्या म्हणाल्या. "मग हे कुणाला दिसलं कसं नाही?"

"नियम!" मी ओरडलो. आजही ओरडतो. "विहीणबाई, नोंदीचा नियम असा, की एका वेळी एकाच जनावराकडे बघायचं. नजर हलवायची नाही. हललीच, तर तेवढा तास बाद. बाई सहा दिवस डोळे फाडून मावशीकडे बघत होत्या, आणि मावशी खाजवत होती ते गाठोड्यासाठी, जे दहा हात लांब टायरमध्ये खेळत होतं. दहा हात! मान एवढीशी वळवली असती तर काम झालं असतं."

मी लगेच जाऊन सांगितलं. म्हटलं, बाई, तिने खाजवलं की तिच्याकडे बघू नका, पोराकडे बघा.

"पोराची नोंद माझ्या कागदावर नाही."

"नसू द्या! नुसतं बघा!"

"नजर हलली तर तास बाद होतो."

"होऊ द्या बाद!"

"सहा दिवसांचं काम आहे."

मी त्या दिवशी वानरघराच्या मागे जाऊन रिकाम्या बादलीला लाथ घातली. पैलवानाने आतून लगेच पत्रा वाजवून साथ दिली. त्याला वाटलं, अखेर ह्या माणसाला काहीतरी समजलं.

सातवा दिवस. शेवटचे दोन तास. साहेबांचा माणूस दोनदा येऊन गेला, कागद झाला का, कागद झाला का. पाळण्याच्या खोलीत दूध गरम करून ठेवलं होतं. बाईंच्या कागदावर त्या तासात आठ टिंबं पडून झाली होती. मावशी काचेच्या डाव्या अंगाला ओंडक्यावर, गाठोडं उजव्या अंगाला टायरमध्ये. आणि माझ्या डोक्यात आलं, की ह्या बाईंना मान वळवायला लावणं माझ्या बापाच्यानेही होणार नाही. तेव्हा वळवायचीच नाही. मी सरळ गेलो आणि बाईंच्या आणि मावशीच्या मध्ये, काचेला पाठ लावून, उभा राहिलो. तेव्हा माझा देह आजच्या दीडपट होता.

"बाजूला व्हा," बाई म्हणाल्या.

"होत नाही."

"मला मावशी दिसत नाहीये!"

"म्हणूनच उभा आहे."

"बाजूला व्हा! तास बाद होतोय!"

"बाद तर झालाच. आता काय दिसतंय तेवढं बघा."

त्या उठल्या, डावीकडून वाकल्या, मी डावीकडे झुकलो. त्या आणखी वाकल्या, मी आणखी झुकलो. संतापाने त्या लाल झाल्या होत्या, चौकटींमधल्या यादीतलं त्यांनी बहुतेक सगळं करून दाखवलं. दात दाखवले, पाय आपटला. आणि थकून खुर्चीवर बसल्या, समोर बघत. समोर फक्त गाठोडं. त्याच क्षणी माझ्या पाठीमागे काचेच्या पलीकडे, खर्रर्र, खर्रर्र. गाठोड्याने टायर सोडला, मान वर केली, आणि निघालं. माझ्या पाठीमागे दिसेनासं झालं. बाईंचं तोंड उघडं राहिलं. 

"परत," त्या म्हणाल्या.

"ते माझ्या हातात आहे का? थांबा."

गाठोडं परत खेळायला आलं. परत खर्रर्र. परत निघालं. बाईंनी स्टॉपवॉच दाबलंच नाही. अकरा वेळा तिने बोलावलं, अकरा वेळा ते गेलं. एकदा तर टायरमध्ये पाय अडकला होता, तर सोडवता सोडवता कुरकुरलं, ओठांचा एवढा चंबू केला, आणि मावशी स्वतः उठून घ्यायला आली. बाईंनी पेन उचललं. सात दिवसांच्या खाजवण्याच्या चौकटीवर एकच आडवी रेघ मारली, आणि बाजूला लिहिलं: 'हे खाजवणे नाही. ही हाक आहे.' मग तळाशी गेल्या, 'वेगळे करावे' खोडलं, आणि सही केली. साहेबांचा माणूस तिसऱ्यांदा आला, तो कागद घेऊन गेला. त्या संध्याकाळी पाळण्याच्या खोलीतलं दूध मांजराने प्यायलं.

"आणि गाठोडं?" विहीणबाईंनी विचारलं.

"सात वर्षं मावशीजवळ होतं. मावशी गेली तेव्हा चांगलं दांडगं झालं होतं. मी निवृत्त झालो तेव्हा पैलवानाची जागा त्याने घेतली होती, आणि केस उभे केले की भिंत काळी व्हायची."

व्याही थापा म्हणायलाही विसरले. मला राहवेना. गोष्ट रंगली होती, आणि रंगलेली गोष्ट कुणी तशीच सोडून देतं का?

"पण व्याही, खरी गंमत पुढे आहे. त्या बाई, ज्यांनी उभ्या जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं, त्या बाई खुर्चीवरून उठल्या. चष्मा काढला. काचा ओल्या झाल्या होत्या. माझ्यासमोर हात जोडून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, दादा, आज तुम्ही नसतात तर..."

"अहो, पुरे!"

हिने हातातला शर्ट घडीसकट खाली टाकला.

"कोण बाई? बाई नव्हतीच कोणी! कागद तुम्ही भरत होतात. साहेबांनी स्टॉपवॉच दिलं म्हणून गळ्यात घालून झोपत होतात. अठरा लिहा म्हणून हात जोडले ते मी, आणि एक टिंब खोटं टाकणार नाही म्हणालात ते तुम्ही! आणि काचेसमोर उभी राहिले होते तीही मीच, हातात डबा घेऊन. दुपारचे तीन वाजले तरी तुम्ही जेवायला उठत नव्हतात म्हणून! 'बाजूला हो, मावशी दिसत नाही, बाजूला हो,' असं म्हणून सगळ्या वानरघरादेखत माझ्यावर ओरडत होतात!"